पावलं आणायला मुंबईला

मुंबईला जाऊन आलेलं माणूस आमच्या तळेगिरीत निदान आठवडाभर भाव खातं. मी मात्र आल्यापासून तोंड मिटून बसले आहे. चाळीस वर्षं शाळेत पोरांना 'बोला, बोला' म्हणणाऱ्या बाई गप्प झाल्या म्हणून शेजारणींना काळजी वाटायला लागली आणि निदान लिहून तरी काढा, असं टुमणं त्यांनी लावलं. तर लिहिते आहे. वाचून कुणाचं मन रमेल अशी आशा ठेवू नये.

ज्यांना तळेगिरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव म्हणजे एके काळचं संस्थान. केवढं, तर दोन डोंगर आणि त्यांच्या मधलं खोरं. मोठ्या राजांच्या जेवणावळीत आमच्या राजाला दाराजवळचा पाट मिळायचा, असं माझे वडील म्हणत. स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली, आणि त्या धक्क्यातून आमचे शेवटचे राजे उठलेच नाहीत. मागे राहिल्या राणीसाहेब आणि त्यांचा तान्हा मुलगा. दिरानं राजवाडा बळकावला तेव्हा मुलाला पोटाशी धरून राणीसाहेबांनी मुंबई गाठली. जाताना शिवेवरच्या दगडाला हात लावून त्या म्हणाल्या, की मानकरी बोलावून नेतील तेव्हाच माझा मुलगा इथे पाऊल टाकील.

गावापुढे पेच पडला. देवीची दसऱ्याची पालखी गादीच्या मालकाला विचारल्याशिवाय उठत नाही. दिराला गादीवर बसवावं तर देवीचा कोप, मुलाला परत आणावं तर दिराचा. मग मानकऱ्यांना भरताची आठवण झाली. रामाच्या पादुकांवर अयोध्या चालली, तर पावलांवर तळेगिरी का चालू नये? तेव्हापासून दरवर्षी नवरात्राच्या आधी एक कोरा पांढरा शेला मुंबईला जातो. आधी वारसाला तीनदा गावी यायचं बोलावणं करायचं, मग कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून तो त्यावर उभा राहतो. पावलं वाळली की शेल्याची घडी घालून ती गावी आणायची आणि पुन्हा कधीही मोडायची नाही. दसऱ्याला ती घडी गादीवर ठेवून 'पावलं आली' असा पुकारा झाला की पालखी उठते. त्याआधी ती जड होते, असं भोई सांगतात. एका वर्षी शेला यायला उशीर झाला तर पालखी दिवेलागणीपर्यंत जागची हलली नव्हती. मी तेव्हा परकरी पोर होते, आणि भुकेनं कळवळून आईचा पदर ओढत होते.

शेला नेण्याचा मान आमच्या घराण्याचा. माझे थोरले भाऊ तात्या तो आयुष्यभर नेत आले. यंदा अर्धांगानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. त्यांच्या मुलाला नेमकी त्याच दिवसांत ऑफिसची कामं निघाली. मानाचं पान वाढलं की सगळे पुढे असतात, मान वाहायला मात्र कुणी नसतं. शेवटी तात्यांनी मला जवळ बोलावलं, वाकड्या झालेल्या ओठांनी सगळे शब्द पढवले आणि शेला माझ्या पिशवीत ठेवायला लावला. बाईमाणसानं तो नेण्याची ही पहिलीच खेप होती.

दादर

दादरला पहाटे उतरले तेव्हा पुलाखाली फुलांचे ढीग लागले होते. आमच्याकडे झेंडू दाराशी फुलतो, इथे तो किलोवर विकला जातो आणि पायाखाली तुडवलाही जातो. पितृपक्ष असूनही गर्दीला खळ नव्हता. मी पिशवी छातीशी धरून चालत होते. एका फुलवालीनं मला हटकून सांगितलं की मावशी, एवढी घट्ट धरलीत तर चोराला कळतं आत काहीतरी आहे. मी तिला काय सांगणार, आत नुसतं कोरं कापड आहे म्हणून.

माझी भाची अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहते. तिच्याकडे सामान टाकलं, अंघोळ केली, आणि दुपारी काळाचौकीची वाट धरली.

काळाचौकी

आमच्या राजांचा महाल तिसऱ्या मजल्यावर, सार्वजनिक नळाच्या शेजारची खोली. गणपती होऊन गेले होते, पण चाळीच्या तोंडाशी मंडपाचे बांबू अजून आडवे पडलेले. त्यांच्यावर बिल्डरचा भलामोठा फलक, त्यात निळ्या आकाशाला टेकलेली इमारत. चाळ पाडणार होते आणि दिवाळीनंतर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.

जिना चढत असताना वरून कुणीतरी ओरडलं, "ओ राजेकाका, पाणी आलं, बादली लावा." आणि चट्ट्यापट्ट्याचा लेंगा घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ लगबगीनं बादली घेऊन बाहेर आले. मी तिथेच पायरीवर वाकून तीनदा मुजरा केला. तिसऱ्या मुजऱ्याला माझ्या कमरेत उसण भरली आणि मी कठडा धरून तशीच वाकलेली राहिले. सरकारांनी बादली खाली ठेवली आणि मला हाताला धरून घरात नेलं. चाळीत सगळ्यांची समजूत होती की राजे हे त्यांचं आडनाव आहे.

आत एकच खोली. मी उभीच राहिले, कारण गादीच्या मालकासमोर आमच्या घराण्यातलं कुणी बसत नाही. त्यांच्या पत्नी, चाळीतल्या काकू, लालबागच्या एका मालवणी गिरणी कामगाराची मुलगी. त्यांना असले रिवाज मान्य नसावेत. "उभ्या कित्याक रवलात? बसा ओ," म्हणत त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीत बसवलंच, आणि पुढ्यात वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार ठेवलं. आदल्या दिवशी त्यांच्या सासूबाईंचा, म्हणजे राणीसाहेबांचा म्हाळ झाला होता. आमच्याकडे पितरांना खीर आणि कढी. हे तिखट, खोबऱ्याचं, काळंभोर सांबार खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी दोनदा मागून घेतलं.

रिवाजाप्रमाणे पहिल्या दिवशी शेल्याचं नाव काढायचं नसतं, नुसती ख्यालीखुशाली. सरकार गावाबद्दल विचारत राहिले. तळ्याच्या पायऱ्यांवर अजून शेवाळ धरतं का, देवळामागच्या चिंचेला किती चिंचा आल्या, नगारखान्यात सकाळी काय वाजतं. एका विमा कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस 'आमच्याकडे' असं ज्या गावाला म्हणत होता ते त्यानं कळत्या वयात एकदाही पाहिलं नव्हतं. चिंच कधीच तोडली आहे आणि नगारखान्यात मोबाइलचं दुकान आहे, हे मला सांगवलं नाही. मी म्हटलं, सगळं आहे.

बोलता बोलता मला उमगलं की यंदा काहीतरी निराळं आहे. चाळ सुटल्यावर राहायचं कुठे, तर बदलापूरला लेकीकडे, असं काकू म्हणाल्या. सरकार खिडकीबाहेर बघत राहिले. जावयाच्या घरी राहणं त्यांच्या जिवावर आलं होतं. निरोप द्यायला काकू जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी सांगतंय तुमका, ह्येंनी आठ दिस आधीच पिशी भरून ठेयली हा. ह्येंका खरा वाटता तुमचा बोलावणा."

मी हसून मान डोलावली. मला काय, आनंदच झाला होता.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी सरकार मला गिरगावात घेऊन गेले. त्यांचं लहानपण तिथल्या एका वाडीत गेलं होतं. ती जागा दाखवायला त्यांनी मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि वर बोट केलं. वर काचा होत्या, नुसत्या काचा. त्या काचांमध्ये अंदाजानं दुसरा मजला शोधून ते मला सांगू लागले.

तिथल्या दोन खोल्यांत राणीसाहेबांनी मुलाला राजा व्हायला शिकवलं. शाळेत जायच्या आधी गॅलरीत रोज सराव असे. राजवाड्याच्या दरवाजातून आत शिरताना आधी कुठला पाय, डावीकडच्या मानकऱ्यांकडे किती बघायचं, उजवीकडे किती, बसताना शेल्याचं टोक कुठल्या हातात. गॅलरीच्या टोकाशी शेजाऱ्यांची कोळशाची पेटी होती, ती गादी. बोलावणं उद्या आलं तर आपला मुलगा अडखळायला नको, एवढंच त्या बाईचं म्हणणं. त्यांनी ते 'उद्या' मरेपर्यंत सोडलं नाही. लालबागची सून आणली म्हणून मुलाशी वर्षानुवर्षं अबोला धरला, पण शेला यायच्या दिवशी उठून बसायच्या आणि त्याचे पाय स्वतः धुवायच्या.

हे ऐकत चालले असताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी रडकुंडीला आले, कारण रस्ता तापला होता. सरकारांनी मला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, माझी चप्पल उचलली आणि कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याकडे गेले. मी नको नको म्हणेपर्यंत रस्ता ओलांडूनही गेले. ज्यांच्या पावलांच्या ठशांपुढे माझं अख्खं गाव लोटांगण घालतं, ते माझी धुळीची चप्पल हातात धरून रांगेत तिसरे उभे होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. परत आल्यावर ते म्हणाले की चांगली शिवली आहे, तळेगिरीपर्यंत टिकेल.

मग त्यांनी पीयूष पाजलं. ग्लास हातात धरून, जरा लाजत त्यांनी विचारलं की राजवाड्यात खाली एखादी खोली मिळेल का, कारण काकूंचे गुडघे दुखतात. मी म्हटलं, सरकार, खोली कसली विचारता, वाडा तुमचा. मी मनापासून बोलले होते. राजवाडा दिराच्या नातवाच्या ताब्यात आहे आणि लग्नाला भाड्यानं मिळतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गाव एवढी वर्षं बोलावतंय तर आल्यावर सोय करीलच, असा माझा सरळ हिशेब होता.

पुन्हा काळाचौकी

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. सरकार धोतर, कोट आणि पगडी घालून भिंतीशी उभे होते. काकूंनी परातीत कुंकवाचं पाणी केलं होतं. मी हात जोडून तात्यांनी पढवलेले शब्द म्हटले: "सरकार, गाव वाट पाहतंय. चलावं." त्यांनी ठरलेलं उत्तर दिलं: "पावलं पुढे न्या, आम्ही मागाहून येतो."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा बोलावून झालं की उत्तरासाठी थांबू नकोस, लगेच शेला पसर, असं तात्यांनी बजावलं होतं. का, ते मी विचारलं नव्हतं. पण तिसऱ्यांदा 'चलावं' म्हटल्यावर सरकारांचे ओठ हलताना दिसले, आणि समोरच्याच्या ओठांवर उत्तर आलेलं असताना घाई करायची नाही ही मास्तरकीची सवय. मी थांबले.

"चला," ते म्हणाले. कॉटखालून त्यांनी पिशवी ओढली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "यंदा आम्हीच येतो."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. इतक्या वर्षांनी राजा घरी येणार आणि त्याला आणणारी मी. मी धावत गॅलरीत गेले आणि आमच्या थोरल्या मानकऱ्यांना, दादासाहेबांना फोन लावला. म्हटलं, वाजंत्री शिवेवर पाठवा, सरकार स्वतः येताहेत.

दादासाहेबांनी मला तिसऱ्या वेळी थांबलात कशाला, असं विचारलं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. त्यांना ठेवायचं कुठे, वाड्यातले लोक काय म्हणतील, कोर्टकचेरी नव्यानं उभी राहील, गावात दोन तट पडतील, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मी म्हटलं की मग दरवर्षी बोलावता कशाला? ते म्हणाले, "बाई, ते बोलावणं रिवाजाचं आहे. तुम्ही शेला घेऊन या. माणसाचं काय करायचं ते आम्हांला ठाऊक नाही."

मी कठड्याला टेकून उभी राहिले. मला आमच्या गावाची शरम वाटली, इतकी की शेजारच्या दारात कुलूप उघडणाऱ्या बाईकडेही बघवेना. ती प्रज्ञा, हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करून आली होती, काकांची साखर रोज तीच तपासते. काय झालं म्हणून तिनं विचारलं आणि मी परक्या बाईपाशी सगळं ओकून टाकलं. मग ती म्हणाली, "माझे आजोबा पण असंच गाव सोडून गिरणीत आले होते. बाबासाहेबांनी सांगितलं होतं ना, गाव सोडा म्हणून. आम्हाला परत बोलवायला कोणी आलं नाही, आणि आलं असतं तरी कोण गेलं नसतं. काकांचं काय झालंय माहितेय का? त्यांना तुम्ही दरवर्षी बोलवलंत. त्यामुळे ते इथे कधी राहिलेच नाहीत." तिचं बोलणं मला झोंबलं.

आत गेले तर सरकार पगडी सारखी करीत होते. माझा चेहरा पाहून त्यांचे हात थांबले. मी खाली बघत म्हटलं की दादासाहेब म्हणतात, यंदा सोय नाही. एवढंच म्हटलं, पण त्यांना पुरलं.

मला वाटलं ते चिडतील, निदान दोन शब्द बोलतील. मी त्याला तयार होते, मला ते हवंच होतं. त्यांनी पगडी काढून खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसले. मी शेला पसरायला घेतला तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला.

"नको बाई. यंदा नुसती पावलं नाही पाठवत," ते म्हणाले. "शेला तसाच न्या. पालखी उठायची नाही. मग येतील ते न्यायला."

काकूंनी त्यांना मालवणीत काहीतरी समजावलं, हट्ट करू नका, लोकांचा सण आहे, अशा अर्थाचं. ते ऐकून घेत होते, पण पाय त्यांनी खुर्चीखाली ओढून घेतले होते. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा आशा होती, आणि ती मला बघवत नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी गावाकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

काकूंनी कुंकवाचं पाणी मोरीत ओतलं. मी कोरा शेला पिशवीत घातला आणि मुजरा न करताच जिना उतरले, कारण तो कुठल्या तोंडानं करायचा ते कळेना.

तळेगिरी

घरी आल्यावर मी आधी तात्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग दादासाहेबांकडे गेले, शेला समोर ठेवला आणि म्हटलं की हा कोरा आहे, पावलं नाहीत, आता तरी कुणीतरी मुंबईला जा. माझीही तीच आशा होती हे कबूल करते. दादासाहेबांनी शेला उचलला, माझ्यादेखत त्याची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, "घडी मोडून कोण बघतंय, बाई?"

दसऱ्याच्या दिवशी मी देवळात जाणार नव्हते, तरी गेले. घडी गादीवर ठेवली. 'पावलं आली' असा पुकारा झाला. शेजारपाजारच्या बायकांनी गादीपुढे पदर पसरले, म्हातारी माणसं रडली. मी भोयांच्या खांद्यांकडे टक लावून बघत होते. आयुष्यात देवीकडे मी कधी वाईट मागितलं नाही, त्या दिवशी मागितलं: उठू नकोस. एकदा तरी जड हो, सगळ्यांना उपाशी ठेव, अंधार पडू दे.

पालखी पहिल्याच झटक्याला उठली. भोई म्हणाले, यंदा देवी फुलासारखी हलकी आहे.

संध्याकाळी सोनं वाटून लोक घरी जात होते तेव्हा माझा फोन वाजला. काळाचौकीहून सरकार बोलत होते. दसऱ्याचा नमस्कार झाला, तात्यांची चौकशी झाली. मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं की पालखीचं काय झालं. खोटं बोलावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण खोटं ऐकून ते पिशवी भरून दाराशी बसले असते, कदाचित मरेपर्यंत.

"उठली, सरकार," मी म्हटलं.

त्यांच्या पाठीमागे चाळीतलं कुणीतरी पाणी भरत होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "लोक ताटकळले नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "वेळेवर उठली."